चेहरा जुळत नाही

‘तुम्ही तुम्हीच आहात याची आम्हाला खात्री करता आली नाही.’ शुक्रवारी सकाळी साडेदहाला, दातांच्या लॅबच्या खिडकीपाशी उभा राहून, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बारा वर्षांपूर्वीचं ओळखपत्र धरून मी हे वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. वाक्यात राग नव्हता. उलट खाली ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असं बारीक अक्षरात होतं, आणि माझं डोकं त्यानंच जास्त फिरलं. एखाद्यानं तोंडावर सांगावं की तू भामटा आहेस, म्हणजे निदान भांडता येतं. या क्षमस्वशी कसं भांडायचं? अठ्ठावन्न वर्षं मी मीच आहे. बाकी माझ्यात हजार खोटी असतील, पण एवढ्या एका बाबतीत आजवर कुणी तक्रार केलेली नव्हती. फोननं सांगितलं म्हणून मी डोळे मिटले, उघडले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि ‘कृपया हसा’ असं आलं तेव्हा हसलोसुद्धा. मनात शिव्या देत, दात काढून हसलो. मागे पॉलिशच्या मशीनवर बसणाऱ्या बाईंनी मशीन थांबवलं आणि खुदकन हसून विचारलं, "सकाळी सकाळी कुणाला बघून एवढे खूष?" मी म्हटलं, "हसा. हसतील त्यांचे दात दिसतील." "दिसू द्या की," त्या म्हणाल्या, "माझे अजून स्वतःचे आहेत," आणि मशीन पुन्हा घरघरायला लागलं. पडद्यावर लिहून आलं होतं की माझे तीन प्रयत्न शिल्लक आहेत आणि ते संपले की खातं तीस दिवस उघडणार नाही.

मला त्या खात्यातलं एक पत्र वाचायचं होतं. तेवढंच. बाकी त्यात काय असणार? दातांच्या नवीन रंगांची सूचीपत्रकं, कुणाच्या तरी निवृत्तीचं आमंत्रण, असला कचरा. पण काल संध्याकाळी ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण फोनवर आधी स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलते, मग शेजारणीच्या गुडघ्यांविषयी, आणि मुद्द्याचं निघतं ते फोन ठेवता ठेवता. "अरे हो, तुझ्या लेकीनं तुला मेल पाठवलाय म्हणे सोमवारी. वाचलास का?" मी उभा होतो तो बसलो. दोन वर्षं आणि दोन महिने माझी मुलगी माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. "काय लिहिलंय?" मी विचारलं. "मला कशाला सांगेल? मी म्हटलं तिला, मला सांग, मी विचारते त्याला. तर म्हणाली, नाही आत्या, त्यांनीच उत्तर द्यायला हवं. रविवारपर्यंत वाट बघते म्हणाली, नाही आलं तर काय समजायचं ते समजेन आणि पुन्हा विचारणार नाही." मग ताई थांबली आणि गुडघे विसरून म्हणाली, "देऊन टाक रे उत्तर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. किती दिवस चावत बसाल दोघं?" मी हो म्हटलं. त्यांनीच, असं म्हणाली मुलगी. लहानपणापासून मला अरेतुरे करणारी, माझ्या खांद्यावर बसून माझे केस लगामासारखे ओढणारी. त्यांनीच.

आता कुणी म्हणेल यात घोडं कुठं अडलं. ताईकडून नंबर घ्यायचा, फोन लावायचा आणि सांगायचं, बाई गं, माझं खातं उघडत नाहीये, काय लिहिलंस ते तोंडीच सांग. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मला ते करता येत नव्हतं, कारण हे वाक्य मी एकदा वापरून बसलो होतो. तिची आई हॉस्पिटलात अकरा दिवस होती. मुलगी दोन विमानं बदलून यावं लागतं इतकी लांब राहते. त्या अकरा दिवसांत तिचे मला चार मेल आले. आई फोन का उचलत नाही? उचलला तर तूच का बोलतोस? आई दिवसभर झोपते कशी? शेवटच्या मेलमध्ये फक्त ‘बाबा?’ एवढंच होतं. चारही मी वाचले, हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून, एकेक दोनदोनदा. आणि सगळं आटोपल्यावर ती आली, रिकाम्या पलंगाकडे बघून माझ्याकडे वळली, तेव्हा मी म्हटलं, "माझं खातं बंद पडलं होतं. उघडतच नव्हतं. मला तुझं काहीच मिळालं नाही." आणि ते पुरेना म्हणून पुढे म्हटलं, "शिवाय आईनंच सांगितलं होतं, तिला कळवू नका, तिची तिकडे धावपळ होईल." तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "खातं उघडत नव्हतं." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. चौथ्या दिवशी परत गेली ती गेली. आता त्याच माणसानं दोन वर्षांनी फोन करून पुन्हा म्हणायचं की खातं उघडत नाही? त्यापेक्षा जीभ छाटून दिलेली बरी.

आणि गंमत अशी की या वेळी ते खरंच उघडत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी लॅबमध्ये साचा ओतायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातला फोन कालवलेल्या प्लॅस्टरमध्ये पडला. आमचं प्लॅस्टर कुणासाठी थांबत नाही. हात धुऊन चिमटा शोधेपर्यंत ते धरायला लागलं होतं, आणि फोडून काढला तेव्हा फोनच्या सगळ्या भोकांत पांढरा दगड भरलेला. नवा फोन घेतला, माझा स्वतःचा नंबर त्यात सुरू झाला, मेल मात्र आला नाही. मला कोण लिहितंय, म्हणून मीही फिकीर केली नाही. काल ताईचा फोन झाल्यावर पासवर्ड घातला, तो बरोबर होता, माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पडद्यावर आलं, ‘हे यंत्र आमच्या ओळखीचं नाही. आम्ही तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे.’ आणि पुढे त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे. ते बघून मी फोन पालथा ठेवला. नंबर बायकोचा होता. चौदा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर तिनंच मला ते खातं उघडून दिलं होतं. मी समोर बसून शेंगा सोलत होतो, आणि ती एकेक प्रश्न स्वतःशीच वाचून स्वतःच उत्तरं घालत होती. माझा नंबर मला तेव्हा पाठ नव्हता म्हणून तिनं आपला घातला. मी विचारलं, "माझं खातं आणि नंबर तुझा?" ती म्हणाली, "काही बिघडत नाही. मी आहेच की." तो नंबर ती गेल्यावर मी बंद होऊ दिला होता. म्हणजे काही केलं नाही, नुसतं होऊ दिलं.

नंबर बंद झाला तरी मरत नाही, कुणाला तरी देऊन टाकतात, हे मला ठाऊक नव्हतं. काल संध्याकाळी सात वाजता मी तो नंबर लावला. का लावला हे मला विचारू नका. कोड तिकडे गेलाय, तर तिकडे विचारावं, एवढाच हिशेब होता बहुतेक. पण रिंग वाजायला लागली आणि मी फोन कानापासून लांब धरला, कारण ही रिंग मी हजार वेळा ऐकलेली, भाजी काय आणू, किल्ली कुठे ठेवलीस, पोचलो. कुणा बाप्यानं फोन उचलला. जेवता जेवता उचललेला, तोंडात घास होता. मी सगळं सांगितलं, हा माझ्या बायकोचा नंबर होता, आत्ता तुमच्याकडे एक कोड आला असेल, सहा आकड्यांचा. तो चावायचा थांबला. "आलाय," तो म्हणाला. "पण काका, त्यातच लिहिलंय, हा कोणालाही सांगू नका." मी म्हटलं, "अहो, तो माझाच आहे." "असं सगळेच म्हणतात. माझ्या मेव्हण्याला असंच लुटलं एकानं. तोही बायको वारली म्हणूनच सांगत होता." मी ओरडलो. मी काय बोललो ते सांगत नाही, पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "तुमची बायको खरंच वारली असेल तर वाईट वाटलं," आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर त्यानं मला अडवून टाकलं होतं. तिच्या नंबरवरून मला कुणी अडवावं ही वेळ आली होती.

त्यानंतर खात्यानं मला दुसरी वाट दाखवली, गुप्त प्रश्न. ‘लहानपणी तुमचा जिवलग मित्र कोण होता?’ सोपा वाटला. शाळेतला माझा एकच मित्र, पुढे वखारीत नोकरीला लागला. त्याचं नाव घातलं, चूक. त्याला आम्ही ज्या नावानं चिडवायचो ते घातलं, तेही चूक. मग लक्षात आलं की उत्तर मी दिलेलंच नव्हतं, तिनं दिलं होतं. माझा जिवलग मित्र कोण याचं तिच्या मते काय उत्तर असेल? एकतीस वर्षं बरोबर राहिलो, पण मी कुणाला मित्र मानतो हे तिनं काय ओळखलं होतं, याचा मला पत्ता नाही. तिनं माझ्याविषयी मनात काय काय नोंदवून ठेवलं असेल आणि ते सगळं बरोबरच असेल, असं वाटून मला तिचा रागच आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. येतो. मग मदतनीस म्हणून एक खिडकी उघडली, त्यात एक हसरं तोंड होतं, आणि ते तोंड मला सांगू लागलं की मी तुम्हाला मदत करायला उत्सुक आहे. मी टाइप केलं, मला माणसाशी बोलायचं आहे. तोंड म्हणालं, मी समजू शकतो, तुम्हाला पासवर्ड बदलायचा आहे. नाही. मी समजू शकतो, तुम्हाला खातं कायमचं बंद करायचं आहे. नाही, नाही! पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यानं मला एक दुवा दिला, चेहरा आणि ओळखपत्र दाखवा. म्हणून आज सकाळी खिडकीपाशी उजेडात.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी ओळखपत्रावरचा फोटो जवळून बघितला, आणि मग आरसा. लॅबमध्ये आरसा असतोच. बघता बघता मला कळलं, यंत्र बरोबर सांगत होतं. तीस वर्षं मी कवळ्या करतो. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी प्लॅस्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो, मेणाचं पुढे पक्कं होतं. या कामातली पहिली गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, ओठ हवेत राहत नाहीत, दातांवर टेकलेले असतात. दात हलवले की ओठ हलतो, ओठ हलला की नाक लांब दिसतं, हनुवटी वर येते, माणूस दुसराच होतो. म्हणून गिऱ्हाइकाचा जुना फोटो मागवायचा आणि त्याचे जे वेडेवाकडे असतील तसेच द्यायचे, नाहीतर घरची माणसं बिचकतात. गिऱ्हाईक सरळ मागतं तरी मी एखादा दात किंचित तिरपा ठेवतो आणि सांगत नाही. पण नऊ महिन्यांपूर्वी माझ्या हिरड्यांनी मान टाकली, वरचे सगळे दात काढावे लागले, आणि स्वतःची कवळी करायची वेळ आली तेव्हा मी हे सगळं गुंडाळून ठेवलं. माझे वरचे दात चांगलेच पुढे होते. शाळेत मला किसणी म्हणायचे. म्हटलं, आता सुटका. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या सुद्धा, "जुन्यासारखेच करा हो, तुम्हीच तर सांगता." मी ऐकलं नाही. एका रांगेत, मागे घेतलेले, जाहिरातीतल्यासारखे केले. बायकोनं हा चेहरा पाहिलेला नाही. मुलीनंही नाही. मुलीचे दात माझेच आले होते. ती बारा वर्षांची असताना मी हट्टानं तिच्या तोंडात तारा बसवल्या, दोन वर्षं ती रडली, आणि आई तिची बाजू घेऊन म्हणायची, राहू द्या की, तुमच्यासारखी दिसते. मला तेच तर नको होतं.

शनिवारी लॅब अर्धा दिवस. मालक बाराला गेले. मी फळीवरून माझा साचा काढला. दात काढण्याआधी डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं होतं, त्याचा हा पांढरा साचा, माझे जुने दात जसेच्या तसे, डावा सुळा उजव्यापेक्षा जास्त बाहेर. बत्ती पेटवली, मेण तापवलं आणि मेणाच्या पट्टीवर एकेक दात लावायला सुरुवात केली, पुढे, अजून पुढे, हा थोडा वाकडा, हा त्याच्या अंगावर चढलेला. हात आपोआप चालत होता. तिरपे दात सरळ करायला कसब लागतं असं लोकांना वाटतं. पण खरं कसब एखाद्याचा वाकडेपणा नेमका उचलण्यात आहे. पॉलिशवाल्या बाई डबा उघडून माझ्यासमोर बसल्या होत्या. "हे काय उलटं काम?" त्या म्हणाल्या. "कोणाचे हे?" "माझे." मग मी त्यांना सांगितलं, खात्याचं, पत्राचं, रविवारचं. त्या ऐकत ऐकत जेवल्या. "एवढ्याचसाठी? अहो, फोन करा आणि सांगा पोरीला, उघडत नाही म्हणून." "तिला पटणार नाही." "न पटायला काय झालं? माझं तर दर महिन्याला बंद पडतं." "मी एकदा आधी सांगितलंय तिला तसं." "मग?" "तेव्हा उघडत होतं." बाईंनी डब्याचं झाकण लावलं, माझ्याकडे बघितलं, मेणातल्या दातांकडे बघितलं. "हं," म्हणाल्या. त्या कधीच नुसतं हं म्हणत नाहीत. जाताना दारातून वळल्या. "वरचा ओठ जरा भरून घ्या मेणानं. पूर्वी तुमचा ओठ जाड होता." मी भरून घेतला. त्यांचं बरोबर होतं.

मेणाचे दात तोंडात घातले तेव्हा तीन वाजले होते. मेणाचा वास आणि हिरड्यांवर बोचणारी कड. बोलायची सोय नव्हती, उष्णतेनं ते मऊ पडतात. आरशात बघितलं आणि दचकलो. किसणी! नऊ महिन्यांपूर्वीचा, दोन वर्षांपूर्वीचा, त्या अकरा दिवसांतला माझा चेहरा. याच तोंडानं मी हॉस्पिटलच्या त्या खोलीत बसलो होतो, दुपारचं ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलेलं, आणि बायको डोळे न उघडता विचारायची. मी आरशापासून बाजूला झालो. खिडकीपाशी गेलो, ओळखपत्र धरलं, फोन धरला. डोळे मिटा, उघडा, डावीकडे, उजवीकडे, हसा. हसलो. मेणाचा एक दात हलल्यासारखा वाटला, मी श्वास रोखला. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं, फिरतच राहिलं. मी देवाला मानत नाही, पण त्या चक्राला मी विनवण्या केल्या. मग हिरवी खूण उमटली. ‘अभिनंदन. चेहरा जुळला.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लपवून काय करू? मला वाटलं, जिंकलो, आता पत्र उघडेन, नीट विचार करून उत्तर लिहीन, पुन्हा पुन्हा वाचून, नको ते खोडून. आणि मग त्या हिरव्या खुणेखाली पुढची ओळ आली. ‘शेवटची पायरी. तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर आम्ही कोड पाठवला आहे.’

शेवटचे दोन आकडे तेच. येरे माझ्या मागल्या! मी फोन भिंतीवर फेकणार होतो. हात उचललाही होता. मग हसू फुटलं, एकट्याचं, मोठ्यानं, आणि वरच्या ओळीतले दोन दात मेणातून सुटून जिभेवर पडले. मी ते सगळं बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. माझी रोजची कवळी पाण्याच्या वाटीत होती. साडेतीन वाजले होते, खालच्या रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा त्याला ये, ये, अजून ये म्हणत होता. तो बाप्या आता आपल्या घरी माझ्या कोडकडे बघत असेल, शहाण्यासारखा कुणाला सांगत नसेल. अजून एक दिवस होता. आणखी दोन प्रयत्न होते. मदतनिसाचं हसरं तोंड होतं. मी विचार करत होतो की आता कुठून शिरावं, कुणाला गाठावं, कुठला फॉर्म भरावा, आणि विचार करता करता मला अगदी स्वच्छ कळलं की पत्रात काय आहे हे मला माहीत आहे. ताईनं सांगितलं त्याच क्षणापासून माहीत आहे. ती कशाला पान पान लिहील? तिला एकच गोष्ट विचारायची असणार. मला पत्र वाचायचं नव्हतंच. मला लेखी उत्तर द्यायचं होतं, तिचा श्वास ऐकू येणार नाही अशा ठिकाणाहून. आणि ते साधलं नाही म्हणून मी दोन दिवस एका यंत्रावर दातओठ खात होतो.

ताईला फोन करून मुलीचा नंबर घेतला. ती काही विचारायला लागली, मी ठेवून दिला. मग लावला, आणि लावल्यावर ध्यानात आलं की दात वाटीतच आहेत. पण दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला. "हॅलो? कोण?" "मी," मी म्हटलं. तोंडात दात नसले की माणूस बोबडा होतो. "कोण बोलतंय?" "मी. बाबा." तिकडे चालू असलेला नळ बंद झाला. मग म्हणाली, "असा का आवाज?" "दात नाहीत तोंडात. काढले सगळे." "कधी?" "नऊ महिने झाले." मागे कपबशा ठेवल्याचा आवाज आला, दार लावल्याचा आला. ती कुठल्या तरी खोलीत जाऊन बसली असावी. "आत्या म्हणाली तू मेल केलास," मी म्हटलं. "माझं खातं उघडत नाहीये." हे वाक्य तोंडातून गेलं तसं मी डोळे मिटून घेतले. ती हसली. असं हसणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "पुन्हा?" "या वेळी खरंच उघडत नाही. मागच्या वेळी उघडत होतं. तुझे चारही मेल मी वाचले होते." हे एवढं सोपं होतं. दोन वर्षं घशात अडकलेलं, आणि बाहेर यायला पाच सेकंद लागले. ती म्हणाली, "ते मला तेव्हाच कळलं होतं. वाचलेला मेल वाचलेला दिसतो, बाबा. मी तशी सोय करून पाठवले होते." तिला माहीत होतं. तेव्हा, त्या रिकाम्या पलंगापाशीच.

"मग मेलमध्ये काय आहे?" मी विचारलं. "आधी खूप लिहिलं होतं. मग पुसत गेले. एकच ओळ राहिली." ती थांबली, आणि तिचा श्वास मला ऐकू आला, मला नको होता तोच. "आईनं खरंच सांगितलं होतं, मला कळवू नका म्हणून? ती मला बोलावत नव्हती?" हो म्हणायला मला अर्धा क्षण पुरला असता. ‘हो’चा मला दोन वर्षांचा सराव होता. आणि हो म्हटलं असतं तर ताळा कोण करणार होतं? खोलीत आम्ही दोघंच होतो, त्यातलं एक गेलं. पण आरशात मघाशी तो चेहरा पाहिल्यापासून ती दुपार माझ्यासमोरून हलत नव्हती. नववा दिवस. बायको म्हणाली, तिला बोलवा. मी म्हटलं, बोलावतो. बाहेर आलो, फोन हातात घेतला आणि लावला नाही. आठ दिवस लपवलं ते आता कसं सांगायचं, आत्ता सांगतोस म्हणून मुलगी ओरडेल, उद्या ताप उतरला तर सांगायची गरजच पडणार नाही. आत गेलो. तिनं विचारलं, कळवलंत? मी म्हटलं, कळवलं, निघालीय ती. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग दोन दिवस ती विचारत राहिली, कुठवर आली, आणि मी सांगत राहिलो, पहिलं विमान सुटलं, दुसरं उशिरा आहे, मध्ये थांबावं लागलंय, आता सुटलं. मी त्या प्रवासाचे तपशील पुरवले. अगदी खिडकीजवळची जागा मिळाली असंही सांगितलं.

मी हे सगळं फोनवर बोलून टाकलं, घाईघाईनं, दात नसलेल्या तोंडानं, एका दमात. ती म्हणाली, "मला कळलं नाही." मला वाटलं ती नाकारतेय, पण ती रडत नव्हती, आवाज कोरडा होता. "शब्द कळत नाहीयेत, बाबा. शेवटचं तर काहीच नाही. आईनं शेवटी काय म्हटलं? नीट सांगा." मी फोन टेबलावर ठेवला. वाटीतून कवळी काढली, पाणी झटकलं, तोंडात घातली, अंगठ्यानं दाबून बसवली. खाली गाडी लागली असावी, रस्ता शांत होता. फोन पुन्हा कानाला लावला. ती तिथेच होती. "तुझं विमान उतरलं असं मी तिला सांगितलं होतं," मी एकेक शब्द सुटा करून म्हणालो. "तर ती म्हणाली, मी जरा डोळा लावते. ती आली की मला उठवा."